कलप थांबवायचा का? आधी तीन महिने मुळं वाढू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय बावन्न. गेली पंधरा वर्षं दर चार आठवड्यांनी घरीच काळा कलप. केस खांद्याखाली चार बोटं. हल्ली कलपानंतर कानामागे खाज येते आणि तिसऱ्या आठवड्यातच भांगात पांढरी रेघ दिसू लागते. कलप बंद करावा का, पांढरे केस बरे दिसतील का, आणि मधले दिवस कसे काढायचे?

सुरुवात खाजेपासून करू, कारण ती ॲलर्जीची निघाली तर बाकीचे पर्याय आपोआप गळतात.

केसांवर पक्का बसणाऱ्या काळ्या-तपकिरी कलपात बहुधा पॅराफेनिलीनडायअमिन, म्हणजे पीपीडी, किंवा त्याच कुळातलं टोल्युइन डायअमिन असतं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने पीपीडीला २००६ सालचा ‘वर्षाचा ॲलर्जन’, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, म्हणून निवडलं होतं. ही ॲलर्जी वर्षानुवर्षं काही त्रास न होता कलप वापरणाऱ्यालाही होऊ शकते, त्यामुळे ‘पंधरा वर्षं काही झालं नाही’ याने काहीच सिद्ध होत नाही. खाज कधी येते ते आठवा. कलप डोक्यावर असताना चुरचुरलं आणि धुतल्यावर थांबलं, तर तो बहुधा अमोनिया आणि पेरॉक्साइडचा दाह. धुऊन झाल्यावर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला खाज, लाली किंवा पाझर सुरू झाला, पापण्या जड वाटल्या, तर ॲलर्जीचा संशय घ्या आणि पुढचा कलप लावूच नका. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते आणि दर खेपेला प्रतिक्रिया वाढत जाऊ शकते. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठा. खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट, म्हणजे संशयित घटक कातडीवर लावून पाहायची चाचणी, करून घ्यावी.

पाकिटावर ‘अमोनियाविरहित’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे अमोनियाऐवजी मोनोइथेनॉलअमिन घातलेलं असतं, पीपीडी तसंच असू शकतं. ‘हर्बल’ शब्दाचंही तेच. ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकलं जातं त्यात तर पुष्कळदा पीपीडीच मिसळलेलं असतं, कारण मेंदीचा स्वतःचा रंग काळा नसतोच. घटकांची यादी वाचायची, पाकिटावरची पानं-फुलं बघायची नाहीत.

कर्करोगाची भीती हे कलप सोडण्याचं कारण म्हणून बऱ्याचदा पुढे येतं, म्हणून दोन वाक्यं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (२०१०) केशकर्तनाच्या व्यवसायातला रोजचा संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवला. स्वतःच्या केसांना लावणाऱ्यांच्या बाबतीत मात्र पुरावा वर्गीकरणाला अपुरा ठरवला. निर्णय घ्यायला तुमच्याकडे याहून ठोस कारणं आहेत.

आता मूळ मुद्दा. ‘पांढरे केस शोभतील का’ आणि ‘काळ्या-पांढऱ्या दुरंगी अवस्थेतले महिने निभतील का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या मते जे अर्ध्यात सोडून देतात त्यातले बहुतेक दुसऱ्या प्रश्नापाशी अडतात आणि उत्तर पहिल्याचं देतात: ‘मला शोभत नव्हते.’ चार सेंटिमीटर पांढरं आणि त्याखाली छत्तीस सेंटिमीटर काळं हे कुणालाच शोभत नाही. त्यावरून पिकलेले केस कसे दिसतील याचा निवाडा करू नका.

त्यासाठी तीन महिने नुसती मुळं वाढू द्या. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन-साडेतीन सेंटिमीटर नवा केस हाती येतो. नीट पाहायला तेवढा पुरतो, दीड सेंटिमीटर पुरत नाही. या काळात भांग आणि कानशिलांवर मुळं झाकायचा स्प्रे किंवा पावडर वापरता येते. ती केसांच्या वरच बसते, शाम्पूने निघते, आत मुरत नाही. पण घटक तिचेही वाचा. भांग सरळ न पाडता नागमोडी पाडला तर रेघ निम्मी लपते.

तीन महिन्यांनी केस धुऊन पूर्ण वाळवा. तेल लावलेला किंवा ओला केस गडद दिसतो. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, मागे दुसरा आरसा धरून सात ठिकाणं पाहा: कपाळावरची कड, दोन्ही कानशिलं, टाळू, दोन्ही कानांमागचा भाग आणि मान. प्रत्येक ठिकाणची पेन्सिलएवढी जाड बट घ्या. तिच्या मुळाकडच्या भागामागे आधी काळा कागद धरा, मग पांढरा. काळ्या कागदावर पांढरे केस उठून दिसतात, पांढऱ्यावर काळे. दोन्ही पाहिलं की अंदाज बराच नेमका येतो. मोजत बसायची गरज नाही. पाव, निम्मे, पाऊण, जवळजवळ सगळे, एवढं पुरे. तेवढं लिहून ठेवा आणि त्याच जागी उभं राहून एक फोटो काढा.

असं पाहिल्यावर बऱ्याच जणांना धक्का बसतो, कारण डोकं वाटलं होतं तितकं पांढरं नसतं. आपण रोज बघतो तो भांग आणि कानशिलं, आणि केस पिकायला सुरुवात होते तीही सहसा कानशिलांपासूनच. टाळू मागून येते, मान सगळ्यात शेवटी. पन्नाशीत निम्म्या लोकांचे निम्मे केस पांढरे होतात असा जुना ठोकताळा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या लोकांच्या पाहणीत हे प्रमाण ६ ते २३ टक्केच निघालं. तेव्हा बावन्नाव्या वर्षी मान जवळजवळ काळी असेल तर त्यात वावगं काही नाही. फक्त डोळ्यांसमोर एकसारखं रुपेरी डोकं असेल तर ते या वर्षी मिळणार नाही, हे आधीच माहीत असावं.

तुम्ही आरशात जे पाहिलं त्यातून तीन वाटा निघतात. पाऊण किंवा त्याहून जास्त केस पांढरे असतील तर कलप थांबवायला दुसरं कारण नको. शेवट स्वच्छ दिसणार आहे, आणि तुम्ही आता दर चार आठवड्यांनी मुळांशी जी लढाई लढता ती दर वर्षी अवघडच होत जाणार. निम्म्याच्या आसपास असतील तर काळे-पांढरे मिसळलेले केस दिसतील. ते चांगले दिसणं न दिसणं बरंचसं कापण्यावर आणि चमकेवर अवलंबून असतं. पावापेक्षा कमी असतील तर मी घाई करणार नाही. तेवढे विखुरलेले पांढरे केस लांबून रुपेरी दिसत नाहीत, डोकं नुसतं मळकट करडं वाटतं. ॲलर्जी नसेल तर अशा वेळी पक्का काळा सोडून डेमी-पर्मनंट रंगावर या, तोही नैसर्गिक रंगापेक्षा एक-दोन छटा फिका. त्यात पेरॉक्साइड कमी असतं, रंग वीस-पंचवीस धुण्यांत विरत जातो आणि मुळाशी ठळक रेघ उमटत नाही. पांढरे केस पूर्ण झाकले न जाता फिक्या बटांसारखे दिसतात. पुढे कधी थांबलात तर उतार सौम्य मिळतो.

चेहऱ्याबद्दल दोन गोष्टी तपासा. एक, विरळपणा. सावळ्या टाळूवर पांढरे केस विरळ असतील तर भांग रुंद दिसतो. गोऱ्या टाळूवर उलट, काळ्या केसांतला विरळपणा जास्त डोळ्यांत भरतो. शिवाय कलपाने केसाचा पृष्ठभाग खडबडीत होऊन केस फुगलेले वाटतात; कलप थांबल्यावर काही जणांना केस कमी झाल्यासारखे वाटतात ते त्यामुळेही. दोन, भुवया. डोकं पांढरं आणि भुवया कोळशासारख्या काळ्या रंगवलेल्या, यात चेहरा कठोर दिसतो. भुवया रंगवत असाल तर तोही रंग दोन छटा उतरवा. बाकी ‘वय दिसेल का’ याचं उत्तर: थोडं दिसेल. पण दाट काळ्या कलपाखाली फिकुटलेली त्वचाही वय दाखवतेच, हे सहसा कुणी सांगत नाही.

आता वेळेचा हिशेब. लोक तो केसांच्या आजच्या लांबीवरून करतात आणि घाबरतात: चाळीस सेंटिमीटर भागिले सव्वा, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. हिशेब उलटा मांडा. सगळ्यात आखूड किती केसांवर तुम्ही राजी आहात? तो आकडा भागिले १.२, तेवढे महिने. बॉयकट, म्हणजे सात सेंटिमीटर: सहा महिने. कानापर्यंत, पंधरा सेंटिमीटर: सव्वा वर्षाच्या आत. हनुवटीपर्यंतचा बॉब, पंचवीस सेंटिमीटर: वीस-एकवीस महिने. शेवटच्या दिवशी उरलेलं काळं कापून टाकायचं आहे, ते वाढून संपायची वाट पाहायची नाही. दर आठ-दहा आठवड्यांनी दोन सेंटिमीटर कापत राहिलात तर लांबी जवळपास तीच राहते आणि काळा भाग खालून आक्रसत जातो.

आणि एक सापळा. सातव्या महिन्यात एखादा समारंभ येतो आणि वाटतं, फक्त या वेळेपुरता लावू. मुळांना लावलेला एक कलप सात महिने शून्यावर आणतो. आठ सेंटिमीटर पांढरा केस पुन्हा काळा झालेला असतो आणि मोजणी पहिल्या दिवसापासून. त्या दिवसापुरता स्प्रे वापरा. परत काळं व्हायला तासभर लागतो, पांढरं व्हायला दीड वर्ष. तेव्हा फसलं तर परतीचा रस्ता कायम मोकळा आहे. घाबरायचं असेल तर त्या एका ‘फक्त या वेळेपुरता’ला घाबरा.

मधला काळ काढायचे मार्ग कात्री, संयम, मिसळण आणि ब्लीच असे आहेत. कात्रीबद्दल बोलण्यासारखं फार नाही: सगळ्यात जलद, सगळ्यात स्वस्त, केसाला शून्य इजा. संयमात एक गोष्ट लक्षात ठेवा. रंगलेला भाग काळा राहत नाही. डेव्हलपरमधल्या, म्हणजे कलपात मिसळायच्या द्रावणातल्या, पेरॉक्साइडने आतलं मूळ रंगद्रव्य दर खेपेला थोडं उडवलेलं असतं, त्यामुळे वरचा कलप विरला की खालून तांबूस रंग डोकावतो. सहाव्या महिन्याच्या सुमारास केस तीन रंगांचे होतात: मुळाशी पांढरे, मध्ये काळपट, टोकाला गंजासारखे. इथेच लोक हार मानतात. टोकांची तांबूस छटा निळ्या रंगाच्या शाम्पूने थोडी दबते, जांभळ्याने नाही. जांभळा पिवळ्याला मारतो, नारिंगीवर निळाच लागतो. कुरळ्या केसांत सीमारेषा आपोआप मोडते, सरळ केसांत ती पट्टीने आखल्यासारखी दिसते. सरळ केसवाल्यांनी थर देऊन कापून घ्यावेत.

मिसळण म्हणजे रेघ पुसट करायची. रंगलेल्या भागात बारीक हायलाइट्स, म्हणजे ब्लीचने फिक्या केलेल्या बटा, उतरवायचे, हवं तर वाढलेल्या पांढऱ्यात थोडे लोलाइट्स म्हणजे गडद बटा घालायच्या. चूक होते ती दोन ठिकाणी. बटा जाड घेतल्या की डोकं पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. बट विणकामाच्या सुईएवढी बारीक हवी आणि भांगाजवळ सगळ्यात दाट. लोलाइट काळा घेतला की महिन्याभरात पुन्हा मुळं दिसतात आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच येता. तो डेमी-पर्मनंट आणि तुमच्या मूळ रंगापेक्षा फिका हवा. दर तीन-चार महिन्यांनी एकदा, असं तीनदा केलं तर पुरतं. आणि हे पीपीडीची ॲलर्जी असणाऱ्याला बंद: लोलाइट तर रंगच, पण हायलाइटनंतर पिवळेपणा झाकायला लावतात तो हलका रंग, टोनर, तोही पुष्कळदा त्याच कुळातला असतो. ब्लीचमध्ये पीपीडी नसतं म्हणून होकार देणारे टोनरपाशी फसतात. ब्लीचमधल्या परसल्फेटचीही वेगळी ॲलर्जी असू शकते, तेही विचारून घ्या.

सगळे रंगलेले केस एका दमात ब्लीच करून रुपेरी करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पंधरा वर्षांच्या काळ्या कलपावर घरी कधीच नाही, आणि जाणकाराकडेही एका बैठकीत नाही. काळा कलप उतरताना आधी तांबडा, मग गाजरी, मग पिवळा आणि शेवटी जुन्या कागदासारखा फिकट पिवळा होतो. टोनरने रुपेरी दिसतो तो फक्त या शेवटच्या टप्प्यावर. पहिल्या बैठकीत तो बहुतेकदा गाजरीपाशीच अडकतो. टोकांवर पंधरा वर्षांचे नाही, पण तीन वर्षांचे थर नक्की असतात, ती मधल्या भागापेक्षा हट्टी असतात. पुढची बैठक किमान सहा-आठ आठवड्यांनी, तीही केसाचा ताण पाहून. ओला केस दोन बोटांत धरून हळूच ओढा: थोडा ताणून परत मागे गेला तर ठीक. च्युइंगमसारखा लांबत गेला किंवा तुटला तर ब्लीच विसरा आणि कात्री घ्या.

आधी काय काय लावलंय ते कलरिस्टला खरं सांगा. मेंदी केसातल्या केराटिनला बिलगून बसते, सहसा निघत नाही. मेंदीवर नीळ, म्हणजे नीळीच्या पानांची पूड, लावलेली असेल तर ब्लीचने केस हिरवट होऊ शकतात. सगळ्यात धोकादायक म्हणजे रोज थोडं थोडं लावून हळूहळू काळं करणारी द्रावणं. त्यात शिसं, चांदी यांसारख्या धातूंचे क्षार असू शकतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो, वाफ निघते, बट तुटून हातात येते. जुनी आणि सोपी चाचणी अशी: २० व्हॉल्यूमचं, म्हणजे ६ टक्क्यांचं, ३० मिलिलिटर पेरॉक्साइड काचेच्या भांड्यात घ्यायचं, त्यात तीव्र अमोनियाचे २० थेंब टाकायचे आणि दोऱ्याने बांधलेली कापलेली बट अर्धा तास बुडवून ठेवायची. हळूहळू फिकी झाली तर धातू नाही. फसफसली, तापली, तत्क्षणी रंग उडाला किंवा काहीच बदल झाला नाही, तर त्या केसांवर ब्लीच नको. ही चाचणी हवेशीर जागी, हातमोजे घालून, कलरिस्टनेच करावी.

कलर रिमूव्हर नावाचं गंधकयुक्त उत्पादनही मिळतं. ते केसाच्या आतला कलपाचा मोठा रेणू लहान करतं आणि धुऊन काढतं. धुण्यात कसूर झाली, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली खळखळून धुतलं नाही, तर उरलेले रेणू हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा गडद होतात. नीट उतरलं तरी खाली तुमचा मूळ रंग येणार नाही, तो पेरॉक्साइडने आधीच गेलेला आहे. खाली असतो तांबूस-नारिंगी. ब्लीचची एखादी फेरी वाचवायला उपयोगी, त्यापलीकडे अपेक्षा नको.

पांढरा केस आला की काम संपत नाही. मेलॅनिन गेलं की ऊन थेट प्रथिनावर पडतं आणि केस पिवळट होतो. पिवळेपणा दोन प्रकारचा असतो. जड पाण्यातले लोह-तांबं, धूर, रंगीत तेल यांचा वरून बसलेला डाग. तो ईडीटीएसारखा घटक असलेल्या चिलेटिंग, म्हणजे धातू धरून काढणाऱ्या, शाम्पूने, दोन आठवड्यांतून एकदा, बराच निघतो. दुसरा उन्हाने किंवा इस्त्रीने करपलेला. तो निघत नाही, कापावाच लागतो. म्हणून स्ट्रेटनर वापरायचाच तर १५० अंशांच्या वर नको आणि उन्हात डोकं झाका. जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं. रोज लावला की पांढऱ्यावर फिकट जांभळी झाक चढते, आणि सच्छिद्र टोकांवर सगळ्यात आधी. वयाबरोबर टाळूचं तेल कमी झाल्याने केस राठ वाटतात. धुताना दर वेळी कंडिशनर आणि ओल्या टोकांना थोडंसं बिनरंगाचं सिरम लावा. सुरुवातीला टाळूवर ताठ उभे राहणारे केस मात्र राठ नसतात, ते फक्त आखूड असतात. पाच-सहा सेंटिमीटरला वजनाने आपोआप बसतात. उपटू नका. उपटल्याने दोन येत नाहीत, पण मूळ दुखावतं.

पंचविशीच्या आधीच झपाट्याने केस पिकत असतील तर कलपाचा विचार नंतर. आधी बी-१२, थायरॉइड आणि लोह तपासून घ्यावं.

शेवटचा कट कोरड्या केसांवर घ्या. ओल्या केसांत जुन्या-नव्याची सीमा नीट दिसत नाही आणि दोन-तीन सेंटिमीटर रंगलेली टोकं आतल्या थरात राहून जातात, जास्त करून मानेवर, जिथे नवा केसही काळाच असतो. तिथे उजेडात टोक पाहा: तांबूस झाक असेल तर ते कलपाचं, निखळ काळं असेल तर तुमचं.